फाटकावरची मेंढरं

परीक्षकांचं निवेदन इंग्रजीत होतं आणि वाचणारे गृहस्थ सावकाश वाचत होते, त्यामुळे लवकर सुटका नव्हती. सकाळच्या धुळीत रेल्वेचं फाटक ओलांडणारा मेंढ्यांचा कळप, त्यातली थांबून मागे वळून पाहणारी एक मेंढी, आणि एका एकट्या बाईच्या स्वातंत्र्याचं इतकं साधं चित्र आपण यापूर्वी पाहिलं नव्हतं, असं काहीसं ते वाचत होते. टाळ्या झाल्या. मी स्टेजवर गेले, काचेचं स्मृतिचिन्ह घेतलं, दोन वाक्यं बोलले आणि खाली येऊन पाणी प्यायले.

ती मेंढरं त्या बाईंची नव्हती. त्यांच्या थोरल्या दिराची होती. हे त्या सभागृहात फक्त मला माहीत होतं.

मी माहितीपट करते. कुठल्या कंपनीसाठी नाही, स्वतःच. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत माझा एडिटिंगचा संगणक आहे, त्याच्या शेजारी शिवणयंत्र आणि वर इस्त्रीचे कपडे. नवरा वाळूजला एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीत आहे. माझा प्रत्येक माहितीपट तो सगळ्यांत आधी बघतो आणि हमखास विचारतो, “यात काय घडतं?” हा प्रश्न वाईट नाही.

या वेळी घडत होतं ते असं. लासूर स्टेशनजवळच्या एका गावातल्या आक्का, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या. घराणं मेंढपाळांचं. नवरा गेल्यावर रिवाजाप्रमाणे त्यांची मेंढरं थोरल्या दिराच्या कळपातच राहायला हवी होती आणि आक्कांनी दिराच्या चुलीवर राहायला हवं होतं. आक्कांनी नकार दिला. समाजातली चार वडीलधारी माणसं बसली, मेंढरांची वाटणी झाली आणि आक्का आपला कळप घेऊन वेगळ्या निघाल्या. सुगी झाली की शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात, जमिनीला खत होतं म्हणून. त्या कामासाठी आक्का स्वतः गावोगाव बोलणी करत, स्वतः मुक्काम हलवत. मी दोन वर्षं त्यांच्यामागे फिरले.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला अट घातली होती. थोरल्या दिराला त्या ‘भाया’ म्हणतात. “बाई, तू काय बी काढ, मला काय त्याचं. पन येक ध्यानात ठिव. माझ्या मेंढरांत भायाच्या लोकरीचा येक केस दिसायचा नाय.” मी म्हटलं होतं, “नाही दिसणार. आणि तुम्ही नको म्हणाल ते मी काढून टाकीन.” हे सगळं कॅमेरा चालू असताना झालं, म्हणजे विसरले म्हणायचीही सोय नव्हती.

आक्कांचा कळप स्टेशनच्या अलीकडचं फाटक ओलांडतो ती सकाळ मी टिपली होती. फार चांगली टिपली होती. दोन दिवसांनी घाईत कॅमेऱ्याचं एक कार्ड रिकामं करायला घेतलं आणि चुकीचं कार्ड रिकामं केलं. प्रत काढलेली नव्हती. इतक्या वर्षांच्या कामात ही चूक मी कधी केली नव्हती, आणि केली ती नेमकी त्या कार्डावर.

दोन महिन्यांनी मी त्याच फाटकावर पुन्हा जाऊन उभी राहिले. आक्का तोपर्यंत पार लांब गेल्या होत्या. पलीकडून कळप आला तो दिराचा. त्यांना विचारलं, “दादा, थोडं शूटिंग करू का?” ते म्हणाले, “करा की.” कशासाठी ते मी नीट सांगितलं नाही. मागून घेतलं, लांबून घेतलं. माणूस एकही दिसू दिला नाही. घरी येऊन त्यापुढे आक्कांचा चेहरा जोडला. जोड बेमालूम बसली. मेंढरं मेंढरांसारखीच दिसतात, अशी मी स्वतःची समजूत घातली. शहरातल्या माणसाला हे सुचणं सोपं आहे.

कुठलाही माहितीपट बाहेर पाठवण्याआधी ज्यांच्यावर तो आहे त्यांना दाखवायचा, हा माझा नियम. या वेळी एका महोत्सवाची मुदत संपत होती म्हणून तसाच पाठवला, असं मी सगळ्यांना सांगितलं. मुदत संपत होती हे खरं होतं. दाखवला नाही याचं कारण मात्र ते नव्हतं.

मग महोत्सवांचं वर्ष सुरू झालं. सहा ठिकाणांहून नकार आले. सगळ्यांचा मजकूर जवळजवळ एकच, फक्त वरचं चित्र वेगळं. चार ठिकाणी निवड झाली. गळ्यात ओळखपत्र अडकवून फिरायचं, हॉटेलातला फुकटचा नाश्ता पोटभर करायचा कारण दुपारच्या जेवणाचं कुणी बघत नाही, आणि आपला खेळ सकाळी साडेनऊला आहे हे कळल्यावर चेहरा सरळ ठेवायचा. केरळातल्या एका खेळाला अकरा माणसं होती, त्यांतली तीन पुढच्या सिनेमासाठी जागा धरून बसलेली. तरी त्या अकरांतल्या एकीनेही फाटकावरच्या मेंढीबद्दलच विचारलं. ती वळून का बघते? मी म्हटलं, “ते प्रेक्षकांनी ठरवावं.” उत्तर येत नसेल तेव्हा आम्ही असंच म्हणतो.

काचेचं स्मृतिचिन्ह घेऊन घरी आल्यावर मी नवऱ्याला खरं सांगितलं. तो जेवत होता. घास खाली ठेवून म्हणाला, “आमच्याकडे असा माल परत येतो.”

“कुणाला कळणारे?”

“ज्याचा आहे त्याला.”

त्यानंतर महिनाभरात आमच्याच शहरातल्या एका महोत्सवाचं बोलावणं आलं. रविवारी, सकाळी अकराला, चांगल्या सभागृहात. दुसऱ्या दिवशी आक्कांचा फोन. जावई वाळूजला कामाला, त्याच्या मोबाईलवर कुणीतरी जाहिरात पाठवली होती.

“औरंगाबादला दाखवनार म्हनं?”

“हो आक्का.”

“मला कामून नाय सांगितलं?”

“सांगणारच होते.”

“मी येनार हाय. लेक, जावई, सून, समदी येनार. भायाबी येनार म्हनत व्हते, त्यांला कुनी सांगितलं काय म्हाईत.”

चारशे माणसांसमोर, दीर हजर असताना, आक्का तो कळप बघणार. ज्या बाईने एकेक मेंढरू वेगळं करून घेण्यासाठी सगळ्या भावकीचा वाईटपणा घेतला, तिच्या गोष्टीच्या शेवटी मी दिराचीच मेंढरं उभी केली होती. त्या नको म्हणाल्या तर माहितीपट बंद. मी शब्द दिला होता. दोन वर्षांचं काम जाणार, आणि त्याहून वाईट म्हणजे आक्कांकडे पुन्हा जायला तोंड उरणार नव्हतं.

गुरुवारी सकाळी गाडी काढली आणि लॅपटॉप घेऊन लासूरला गेले.

आक्कांचा मुक्काम ज्वारी काढलेल्या एका रानात होता. उन्हात पडद्यावर काही दिसेना. आक्कांनी घोंगडी आणली आणि दोघींच्या डोक्यावरून टाकली. आत अंधार, उकाडा आणि लोकरीचा वास. बाहेरून सून म्हणाली, “आत्याबाई, जीव गुदमरंल.” आक्का म्हणाल्या, “तू कोकरं बघ.”

माहितीपट सुरू झाला. आक्का बोलत बोलत बघत होत्या.

“अगं, येवढी काळी दिसती का मी?”

“ऊन होतं तेव्हा.”

“आन् ह्यो आवाज माझा? घोगरा लई. काय बाई तरी.”

आपल्या नवऱ्याचा फोटो आला तेव्हा पदर नीट केला. वाटणीबद्दल त्या स्वतः बोलतात तो भाग आला तेव्हा मान हलवली, “बराबर. असंच झालं व्हतं.” मी पुढच्या मिनिटाची वाट बघत होते. फाटक आलं. धूळ, घंटा, पाठमोरा कळप.

“थांबीव.”

मी थांबवलं.

“ही भायाची मेंढरं हायती.”

तीन सेकंदही झाले नव्हते. चार महोत्सवांत कुणाच्या डोळ्यांना दिसलं नाही ते.

“हो,” मी म्हटलं. “तुमच्या मेंढरांचं शूटिंग माझ्या हातून पुसलं गेलं. मग ही घेतली. तुम्ही अट घातली होती आणि मी मोडली.”

आक्कांनी घोंगडी काढून टाकली. बाहेरचं ऊन डोळ्यांत गेलं.

“मंग सांगायचं ना! मी पुन्यांदा न्हेली असती फाटकावरनं. मेंढरांला काय, फाटक काय नि वढा काय. त्यांला का तिकीट काढायचंय?”

इतकं सोपं होतं ते. एक फोन केला असता तर झालं असतं, आणि मला तो सुचलाही नव्हता.

“कामून नाय सांगितलं?”

“लाज वाटली.”

“शिकल्याली मानसं तुमी,” आक्का म्हणाल्या. सुनेने पाणी आणलं, ते मी प्यायले, त्यांनी नाही घेतलं.

“मी ते काढून टाकते,” मी म्हटलं. “आणि तुम्ही म्हणाल तर रविवारी दाखवतच नाही. तसं कळवते त्यांना आत्ताच.” फोन हातात घेतलाही होता.

“हितंच बस.” त्यांनी घोंगडी पुन्हा ओढली. “जरा मागं घे ते.”

मी मागे घेतलं. कळप पुन्हा फाटकावर आला. ती मेंढी थांबली, मागे वळली, बघितलं, निघून गेली.

“पुन्यांदा.”

पुन्हा दाखवलं. मग पुन्हा. पाचव्या की सहाव्या वेळी आक्कांनी पडद्यावर बोट टेकवलं.

“ही माझी हाय.”

मला वाटलं, चूक होतेय. “आक्का, हा सगळा कळप त्यांचा—”

“कळप त्यांचा. ही माझी. आई मेली व्हती हिची जलमल्या जलमल्या. बाटलीनं पाजून वाढवली म्या. मानूस दिसलं की चालता चालता थांबती नि वळून बघती. दूध मिळंल म्हून. येवढी घोडी झाली तरी खोड जाईना.”

परीक्षकांना जे स्वातंत्र्य दिसलं होतं, ती बाटलीची आठवण होती.

मग आक्कांनी सगळा उलगडा केला. वाटणीच्या दिवशी आक्कांच्या वाट्यातल्या तीन मेंढ्या दुसऱ्या रानात होत्या. उद्या पाठवतो, असं दीर म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी निरोप आला, तिन्ही रोगाने मेल्या. भावाभावांचा कळप आधी एकच, कानाला चिरा पाडायची खूणही एकच, त्यामुळे कान दाखवून काही सिद्ध होत नव्हतं. आणि आक्का त्यांना थेट विचारू शकत नव्हत्या. त्यांच्यात भावजय थोरल्या दिराशी तोंडाने बोलत नाही. पदर पुढे ओढून बाजूला होते. चार वडीलधाऱ्यांसमोरही आक्कांचं म्हणणं त्यांच्या भावाने मांडलं होतं.

“चल,” आक्का उठल्या. “गाडी हाय न तुझी?”

दिरांचा मुक्काम चार किलोमीटरवर. लांबून गाडी दिसल्यावर ते उठून उभे राहिले. फेटा नीट केला. आक्कांनी पदर पार हनुवटीपर्यंत ओढला आणि माझ्या मागे उभ्या राहिल्या.

“या बाई. च्या टाकाय सांगतो.”

“बाई,” पदराआडून आवाज आला, “त्यांला म्हनावं च्या नंतर. आधी दाखीव.”

मी गाडीच्या टपावर लॅपटॉप ठेवला, वर माझी ओढणी धरली आणि दाखवलं. आपली मेंढरं बघून ते खूश झाले. “वा! माझीच की. झकास दिसत्यात.” मग मेंढी वळली आणि त्यांनी पडद्यावरून नजर काढली.

“इचार त्यांला, ही मेल्याली का?”

मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे बघूनच उत्तर दिलं. “तिला सांगा बाई, मेली असं म्या म्हनलो नव्हतो. सापडंना म्हनलो व्हतो.”

“त्यांला म्हनावं, मंग आता सापडली. बाईच्या डब्यात.”

“तिला सांगा, तवाच येऊन बघायचं व्हतं.”

“त्यांला सांग, भावजयीनं कसं येऊन बघायचं? तोंड उघडलं तर रीत मोडली म्हननार, नाय उघडलं तर मेंढरं मरनार!”

दोघांमध्ये सहा पावलांचं अंतर होतं आणि मी टपालवाल्यासारखी मान इकडून तिकडे फिरवत होते. शेवटी दिरांच्या बायकोने, म्हणजे आक्कांच्या थोरल्या जावेने, चहाचे कप आणता आणता निकाल लावला. “दोन हायती. तिसरी खरंच मेली, मी सोता पुरली. न्हे बाई तुझ्या तू.” दीर तिच्याकडे बघत राहिले. ती म्हणाली, “बघता काय? तीन-चार वरीस झाले, मला रोज वळून बघती ती. मलाच सोसंना.”

दोन्ही मेंढ्या आणि त्यांची तीन कोकरं आम्ही त्याच दुपारी पायी आणली. आक्का पुढे, मी मागे, गाडी तिथंच. वाटेत मी विचारलं, “आक्का, मग त्या फाटकाचं काय करू? काढू ना?”

“काढायचं नाय! त्याच्याबिगर माझी मेंढी कशी दिसंल? पन खरं काय ते सांग त्यात.”

“खाली लिहिते तसं.”

“लिवून काय करती? ज्याला वाचाय येत नाय त्यानं काय करायचं? तोंडानं सांग.”

माझ्या कुठल्याच माहितीपटात निवेदन नसतं. ही माझी पद्धत आहे आणि मुलाखतींमध्ये मी तिच्याबद्दल बरंच काही बोलले आहे. शुक्रवारी मागच्या खोलीत पंखा बंद करून, दार लावून मी स्वतःच्या आवाजात बोलले: ‘ही मेंढरं आक्कांची नाहीत, त्यांच्या थोरल्या दिरांची आहेत. आक्कांच्या मेंढरांचं चित्रण माझ्या चुकीने पुसलं गेलं. यातल्या दोन मेंढ्या मात्र आक्कांच्या आहेत. वळून बघते ती त्यांतली एक.’ शनिवारी नवी प्रत आमच्या महोत्सवाला दिली आणि आधीच्या चारही ठिकाणी कळवलं की तुम्ही दाखवला त्यात हे खरं नव्हतं. स्मृतिचिन्हवाल्यांनी लिहिलं, पुरस्कार तुमच्याकडेच राहू द्या, कळवल्याबद्दल आभार. एकाने उत्तर दिलं नाही. एकाने आपल्या यादीतून माहितीपट काढला, जे त्यांच्या बाजूने योग्य होतं. चौथ्याने तो फिरत्या महोत्सवासाठी पुन्हा मागवला. का, ते मी विचारलं नाही.

रविवारी सभागृह पाऊण भरलं होतं. आक्का लेकीसुनांबरोबर तिसऱ्या रांगेत. दीर पलीकडच्या बाजूला, फेटा बांधून, दोन गाववाल्यांच्या मध्ये. फाटक आलं. माझा आवाज सुरू झाला आणि मला तो ऐकवेना. वाक्यं संपली. मग अंधारातून दीर खणखणीत आवाजात म्हणाले,

“तिसरी खरंच मेली व्हती! लिवा म्हनावं तेबी!”

सभागृह हसलं. पाठोपाठ तिसऱ्या रांगेतून, तितक्याच मोठ्याने, “बाई, सांग त्यांला, गप बघा म्हनावं!”

मग मात्र लोक असे हसले की पुढच्या दोन मिनिटांचा आवाज कुणाला ऐकूच आला नाही. त्या दोन मिनिटांवर मी आठवडाभर काम केलं होतं. मला त्याचं काही वाटलं नाही.

खेळ संपल्यावर संयोजकांनी आक्कांना स्टेजवर बोलावलं. दीर समोर बसलेले, म्हणून त्या पदर ओढून, प्रेक्षकांकडे निम्मी पाठ करून उभ्या राहिल्या. माईक मी धरला. एका विद्यार्थिनीने विचारलं, “तुमच्यावरचा सिनेमा तुम्हाला कसा वाटला?”

आक्कांनी थोडा विचार केला.

“लांबवलाय लई,” त्या म्हणाल्या. “पन आता समदं खरं हाय.”

त्यांना दिवस कलायच्या आत परत पोचायचं होतं, कोकरं बांधून आल्या होत्या. जावयाच्या गाडीत सगळे दाटीवाटीने बसले. काच खाली करून आक्का ओरडल्या, “संक्रांतीला ये. रिकाम्या हातानं ये, तो डबा आनू नको!”

मग मी सभागृहामागच्या मांडवात जेवायला गेले. गुरुवारपासून नीट जेवण झालं नव्हतं. नवरा ताट घेऊन शेजारी येऊन बसला. मी दोनदा भात घेतला. कुणी एक गृहस्थ ओळख करून द्यायला आले आणि माझ्या निवेदनाच्या नव्या शैलीबद्दल विचारू लागले. मी त्यांना म्हटलं, जेवून घेते, मग बोलू.